सोळा की अठरा? माई मुराकामीची कारकीर्द आणि वयोमर्यादेचा चुकीच्या दिशेने गेलेला वाद

२०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये रशियाच्या १५ वर्षांच्या फिगर स्केटर कामिला वालियेवाचं उत्तेजक प्रकरण गाजलं. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाचं किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ वर न्यायचं ठरवलं. तेव्हापासून महिला जिम्नॅस्टिक्सबद्दलही तीच मागणी होते आहे : मर्यादा १६ आहे, ती १८ करा. जिम्नॅस्टिक्समध्ये वय कॅलेंडर वर्षावरून मोजतात. ज्या वर्षात १६ पूर्ण होणार त्या वर्षी मुलगी वरिष्ठ गटात उतरू शकते, म्हणजे प्रत्यक्षात १५ वर्षांची मुलगीही जागतिक स्पर्धेत दिसते. मागणी करणारे म्हणतात, हे बालपण ओरबाडणं आहे. विरोध करणारे म्हणतात, मुलींचं शरीर १५-१६ व्या वर्षीच या खेळासाठी सर्वांत योग्य असतं, १८ची अट घातली तर खेळाचा दर्जाच घसरेल. दोन्ही बाजू हिरीरीने भांडतात खऱ्या, पण मूळ गृहीतक दोघांचंही एकच आहे : मुलीची खरी जिम्नॅस्टिक्स ती वयात येईपर्यंतच, त्यानंतर उतरण. एक बाजू त्या काळापासून मुलीला वाचवू पाहते, दुसरी तोच काळ वापरून घेऊ पाहते. हे गृहीतक तपासायला मात्र कुणीच तयार नाही.

माझं म्हणणं असं की ते चुकीचं आहे, आणि म्हणूनच १६ की १८ हा प्रश्न दुय्यम आहे. मर्यादा १८ केली तर माझा विरोध नाही. पण तेवढ्याने काही बदलेल अशी आशा धरणं भाबडेपणाचं ठरेल. बदल व्हायला हवा तो १८ नंतरच्या वर्षांमध्ये. मुलीला विशीत, पंचविशीत खेळत राहता येईल अशी व्यवस्था असेल तर १४ व्या वर्षी तिला पिळून काढायचं कारणच उरत नाही. हे पुस्तकी बोलणं नाही हे दाखवायला जपानच्या माई मुराकामीची कारकीर्द पुरेशी बोलकी आहे.

मुराकामीचा जन्म ५ ऑगस्ट १९९६चा, टोकियोजवळच्या सागामिहारा शहरातला. वयाच्या तिसऱ्या वर्षी तिने जिम्नॅस्टिक्स सुरू केलं. पुढे १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये फ्लोअरवर (मोकळ्या चौकोनातल्या कोलांट्या-उड्यांच्या प्रकारात) रौप्य मिळवलेल्या युकिओ इकेतानी यांच्या क्लबमध्ये ती घडली. उंची जेमतेम १४८ सेंटिमीटर. उसळीमुळे जपानी माध्यमांनी तिला ‘गोमुमारी मुसुमे’, म्हणजे रबरी चेंडूसारखी पोरगी, असं नाव दिलं. २०१३मध्ये अँटवर्पच्या जागतिक स्पर्धेत, १७ व्या वर्षी, ती फ्लोअरवर चौथी आली. प्रचलित हिशेबाने हाच तिचा कळस ठरायला हवा होता. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती फ्लोअरच्या अंतिम फेरीत सातवी आली आणि जपानचा संघ चौथा. वय २०. ‘पदक हुकलं, आता नव्या मुलींना संधी द्या’ असं म्हणायला याहून सोयीची वेळ कोणती असते?

त्यानंतरची पाच वर्षं पाहा. २०१७, माँट्रियल : फ्लोअरवर जागतिक सुवर्ण. जपानी महिलेचं हे ६३ वर्षांतलं पहिलं जागतिक सुवर्ण होतं. त्याआधीचं १९५४मध्ये रोमला केइको तानाकाने बीमवर, म्हणजे अरुंद पट्टीवरच्या प्रकारात, मिळवलं होतं. २०१८, दोहा : ऑल-अराउंडमध्ये (चारही प्रकारांच्या एकत्रित गुणांत) अमेरिकेच्या सिमोन बाइल्सच्या मागे रौप्य, शिवाय फ्लोअरवर कांस्य. २०२१, टोकियो : ऑल-अराउंडमध्ये पाचवी आणि फ्लोअरवर कांस्य. ऑलिम्पिकमध्ये जपानी महिला जिम्नॅस्टला मिळालेलं हे पहिलंच वैयक्तिक पदक. १९६४च्या सांघिक कांस्यानंतर जपानी महिलांना जिम्नॅस्टिक्समध्ये कुठलंच ऑलिम्पिक पदक मिळालं नव्हतं. पदक घेतलं त्या दिवशी ती २५ वर्षांची व्हायला तीन दिवस बाकी होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किताक्युशूला पुन्हा फ्लोअरवर जागतिक सुवर्ण आणि बीमवर कांस्य, आणि तिथेच निवृत्ती. तिचं प्रत्येक वैयक्तिक जागतिक आणि ऑलिम्पिक पदक एकविशीनंतरचं आहे.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. ते म्हणतात, भौतिकशास्त्र कुणासाठी बदलत नाही. खरं आहे. हवेत फिरणाऱ्या शरीराचं जडत्व वस्तुमानावर आणि लांबीच्या वर्गावर अवलंबून असतं. शरीर सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढलं असं धरलं तर वस्तुमान लांबीच्या घनाने वाढतं आणि जडत्व लांबीच्या पाचव्या घाताने. १४० सेंटिमीटरची मुलगी १४७ची झाली, म्हणजे उंची फक्त ५ टक्के वाढली, तरी तिला फिरवायला लागणारं जडत्व सुमारे २८ टक्क्यांनी वाढतं. स्नायूंची ताकद मात्र त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. ती त्याच हिशेबाने १० टक्क्यांच्या आसपासच वाढते. वर शरीराची ठेवण बदलते, गुरुत्वमध्य सरकतो. काल जमत असलेली डबल, म्हणजे दुहेरी कोलांटी, आज अर्ध्यावर अडते. वयात येणाऱ्या मुलीचं हे झगडणं ज्यांनी जिममध्ये पाहिलं आहे त्यांना ‘वयाचा काही संबंध नाही’ असं म्हणणं पटणार नाही, आणि मीही तसं म्हणत नाही. दुसरा मुद्दाही तितकाच खरा आहे. हवेत असताना आपण कुठे आहोत हे कळण्याची जाण, खांद्यांची आणि नितंबांची लवचिकता, उलटं असण्याची भीती मोडणं, हे सगळं लहानपणीच अंगात मुरतं. विसाव्या वर्षी शून्यातून सुरुवात करून कुणी जागतिक फ्लोअरवर पोचत नाही. मुराकामीनेही तिसऱ्या वर्षीच सुरुवात केली होती.

पण यातून सिद्ध काय होतं? वाढीची दोन-तीन वर्षं कठीण असतात, एवढंच. त्या वर्षांनंतर शरीर स्थिरावतं आणि मग एका गोष्टीची भर पडते जी १५ व्या वर्षी नसते : ताकद. मुराकामीच्या फ्लोअरवरचा सर्वांत अवघड प्रकार होता सिलिवाश, रोमानियाच्या डॅनिएला सिलिवाशच्या नावाने ओळखला जाणारा. त्यात मागे जाणाऱ्या दोन कोलांट्या गोळा होऊन घ्यायच्या आणि त्याच वेळात अंगाला दोन पूर्ण पीळही द्यायचे. तिच्या काळातल्या नियमावलीत याला कठिणतेची एच श्रेणी, म्हणजे ०.८ गुण होते. १२ बाय १२ मीटरच्या चौकोनाचा कर्ण साधारण १७ मीटर भरतो. धाव, राउंड-ऑफ (हातांवरून अंग वळवत घेतलेली उडी), फ्लिक (हात टेकून मागे घेतलेली उलटी उडी) आणि सॉमरसॉल्ट, म्हणजे हवेतली कोलांटी, हे सगळं त्यातच बसवायचं. हा प्रकार बिघडतो तो बहुतेक वेळा वर नाही, जमिनीवरच. फ्लिक आखूड पडली की उसळी वर जाण्याऐवजी मागे पळते. उंची मिळायच्या आत खांदा वळवून पीळ सुरू केला की कोलांटीचा वेग मरतो, खेळाडू छाती खाली आणि गुडघे खोल दुमडून उतरते, आणि सगळा भार घोट्यांवर येतो. उलट जास्त फिरली तर पाय मागे जातो, आणि कर्णाच्या टोकाला मागे म्हणजे रेषेबाहेर. एक पाय बाहेर गेला तर ०.१, दोन्ही गेले तर ०.३ वजा. लहान पाऊल ०.१, मोठं पाऊल ०.३, पडलं तर पूर्ण १ गुण.

हा प्रकार शिकवायची वाट सगळ्या चांगल्या जिममध्ये सारखीच असते. आधी साधी डबल पक्की करायची, मग पहिल्या कोलांटीत एक पीळ, मग दोन. आधी ट्रॅम्पोलिनवरून फोमच्या खड्ड्यात, मग खड्ड्यावर टाकलेल्या मऊ गादीवर, मग फ्लोअरवर जाड मॅट टाकून, आणि सर्वांत शेवटी उघड्या फ्लोअरवर. प्रत्येक पायरीला महिने लागतात. मुलीची उंची वाढत असेल तर दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा चढावं लागतं. इथेच प्रशिक्षकापुढे दोन रस्ते असतात. एक, पुन्हा खड्ड्यात जायचं, पाय आणि पोट-पाठीची ताकद वाढवायची, आणि वर्षभर कठिणता कमी ठेवून स्पर्धा खेळायची. दुसरा, वजन काट्यावर धरायचं, खाणं तोडायचं आणि शरीर वाढूच नये असा प्रयत्न करायचा. दुसरा रस्ता जवळचा वाटतो, कारण पुढची स्पर्धा तीन महिन्यांवर असते. पण खाण्यातून मिळणारी ऊर्जा सरावाला पुरेनाशी झाली की पाळी लांबते किंवा येतच नाही, इस्ट्रोजेन घटतं, आणि ज्या वयात हाडांमध्ये आयुष्यभराचा साठा भरायचा त्याच वयात तो भरत नाही. मग पायाच्या नळीला, पावलाला, कंबरेच्या मणक्याला ताणाचे तडे जातात. अशी मुलगी १८ व्या वर्षी खेळ सोडते आणि आपण म्हणतो, ‘पाहा, वय झालं की संपतात.’ ती वयाने संपलेली नसते, तिला संपवलेलं असतं.

इतिहास या गृहीतकाच्या आणखी विरोधात जातो. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये हंगेरीच्या आग्नेश केलेतीने बार्स (कमी-जास्त उंचीचे दोन आडवे दांडे), बीम आणि फ्लोअर या तिन्हींवर सुवर्ण घेतलं तेव्हा ती ३५ वर्षांची होती. सोव्हिएत युनियनची लारिसा लातिनिना १९५८ची जागतिक स्पर्धा गरोदर असताना जिंकली. जपानचं उदाहरण तर थेटच आहे. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ज्या संघाने कांस्य मिळवलं त्यात कियोको ओनो ही दोन मुलांची आई होती. रोममध्ये सुवर्ण घेतलेली केइको तानाका लग्नानंतर केइको इकेदा झाली, आणि तीही याच संघात होती. त्या ऑलिम्पिकमध्ये ती ऑल-अराउंडमध्ये सहावी आली. जपानी महिलेसाठी ही सर्वोच्च कामगिरी पुढे मुराकामीनेच टोकियोत मोडली. इकेदा तिथेही थांबली नाही. १९६६मध्ये डॉर्टमुंडच्या जागतिक स्पर्धेत, ३२ व्या वर्षी, तिने ऑल-अराउंडमध्ये कांस्य आणि बार्सवर रौप्य घेतलं. जपानी महिला जिम्नॅस्टिक्सचा पाया प्रौढ बायकांनी घातला आहे. लहान मुलींचा खेळ ही कल्पना नंतर आली. १९७२मध्ये १७ वर्षांची ओल्गा कोर्बुत आणि १९७६मध्ये १४ वर्षांची नादिया कोमानेची टीव्हीच्या पडद्यावर आल्या, आणि जगभरच्या संघटनांनी त्या चित्रालाच नियम मानलं.

यावर चटकन उत्तर येतं : तेव्हाची जिम्नॅस्टिक्स वेगळी होती. केलेती आणि इकेदाच्या काळातल्या फ्लोअरमध्ये नृत्य जास्त आणि कोलांट्या कमी होत्या, आजच्या कुठल्याही कनिष्ठ गटातल्या मुलीची कठिणता त्याहून जास्त असते. हा आक्षेप योग्य आहे आणि नुसत्या १९५६च्या आधारावर आजचं काही ठरवू नये. पण आजचं चित्र तरी काय सांगतं? २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑल-अराउंड सुवर्ण सिमोन बाइल्सने २७ व्या वर्षी घेतलं. फ्लोअरचं सुवर्ण ब्राझीलच्या रेबेका आंद्रादेने २५ व्या वर्षी घेतलं, आणि तिच्या गुडघ्याच्या लिगामेंटवर तीन वेळा शस्त्रक्रिया झाली होती. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना १९९२पासून सलग आठ ऑलिम्पिक खेळली. टोकियोत व्हॉल्टवर (धावत येऊन टेबलावरून उडी घेण्याच्या प्रकारात) उतरली तेव्हा ती ४६ वर्षांची होती. कठिणता आजची आणि वय प्रौढ, दोन्ही एकत्र जमतात हे आता वादाचं राहिलेलंच नाही.

मग म्हणतील, ही अपवादात्मक माणसं आहेत. एका मुराकामीमागे शेकडो मुली १७ व्या वर्षीच गळून जातात, आणि जिंकलेल्यांकडे बघून नियम बांधणं ही तर्कातली जुनी चूक आहे. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण गळून गेलेल्या मुली का गेल्या हे विचारल्याशिवाय त्यांना पुरावा म्हणून मोजता येत नाही. वयामुळे गळणं आणि पुढे खेळायला जागाच नसल्यामुळे गळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८ व्या वर्षानंतर मुलीला ना पगार, ना कॉलेजमध्ये सरावाची सोय, ना तिच्या शरीराला साजेसा सरावाचा आराखडा, असं असेल तर तिथे कोण टिकणार? जिथे या तीन गोष्टी मिळाल्या तिथे ‘अपवाद’ वाढत गेले.

मुराकामीला त्या मिळाल्या. शाळेनंतर ती निप्पॉन क्रीडाविज्ञान विद्यापीठात गेली. जपानमध्ये विद्यापीठांचे जिम्नॅस्टिक्स संघ ही खेळाची मधली पायरी आहे : तिथे हॉल आहे, प्रशिक्षक आहे, बरोबरीच्या विशीतल्या मुली आहेत आणि शिक्षण सोडावं लागत नाही. पुढे काही खेळाडूंना कंपन्यांचं पाठबळ मिळतं. रिओतली सातवी ते माँट्रियलची पहिली हा प्रवास या पायरीवर झाला. माँट्रियलमध्ये ती पात्रता फेरीत ऑल-अराउंडमध्ये पहिली होती आणि अंतिम फेरीत चौथ्या स्थानावर घसरली. मग फ्लोअरच्या अंतिम फेरीत तिला १४.२३३ गुण मिळाले आणि अमेरिकेच्या जेड केरीला १४.२००. हा ०.०३३चा फरक नेमका काय आहे? सादरीकरणाचे गुण तेव्हा पाच परीक्षक देत, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा काढून मधल्या तिघांची सरासरी धरत. ०.१ला ३ने भागलं की ०.०३३. म्हणजे तीन परीक्षकांपैकी एकाला एक लहान पाऊल कमी दिसलं, एवढ्यावर जागतिक सुवर्ण ठरतं. ऑल-अराउंडमधलं पदक निसटल्यानंतर अशी नीटस आखणी पाय न थरथरता पार पाडणं हे काम धीराचं आणि अनुभवाचं आहे. नियमावलीही तेच मागते. तिच्या काळात फ्लोअरवरच्या आठ मोजल्या जाणाऱ्या घटकांत किमान तीन नृत्याचे लागत, आणि गिरकी अर्धवट राहिली की तिची श्रेणी सरळ खाली येते. गिरक्या आणि उड्यांच्या नेमकेपणाला वयाची अडचण नसते, उलट वर्षांगणिक तो वाढतो.

टोकियोत मुराकामी आणि रशियाची आंगेलिना मेलनिकोव्हा दोघींना १४.१६६ गुण मिळाले. समान गुण असतील तर आधी सादरीकरणाचे गुण पाहतात. ते दोघींचे एकच निघाले, त्यामुळे कांस्य दोघींना मिळालं. तो काळ तिच्यासाठी सरळ नव्हता. महासाथीत ऑलिम्पिक घेण्यावरून जपानमध्ये रोष होता आणि तो खेळाडूंवर समाजमाध्यमांतून निघत होता. अशा संदेशांबद्दल बोलताना तिला रडू आवरलं नाही. हे सगळं पेलायला १५ वर्षांची मुलगी जास्त योग्य असते, असं कुणी म्हणेल का? आणि स्पर्धा एक वर्ष पुढे गेली तेव्हा ‘आता नाही तर कधीच नाही’ या हिशेबाने घडवलेल्या मुलींचं काय झालं असतं? २३ व्या वर्षाऐवजी २४ व्या वर्षी खेळायचं एवढाच मुराकामीपुरता फरक होता.

व्यवस्थेने तिला सगळं दिलं असंही नाही, आणि इथे जपानच्या संघटनेला दोष द्यायला हवा. २०१९च्या मे महिन्यात कंबरेच्या दुखापतीमुळे तिला एनएचके करंडकातून माघार घ्यावी लागली. ती स्पर्धा जागतिक संघाची निवड चाचणी होती. आदल्या वर्षीची जागतिक रौप्यविजेती असूनही तिला सवलत मिळाली नाही आणि श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत ती नव्हती. जपानचा महिला संघ तिथे सांघिक अंतिम फेरी गाठू शकला नाही. नियम सगळ्यांना सारखा, नावाकडे बघून सूट दिली तर बाकीच्या मुलींवर अन्याय, ही बाजू मला मान्य आहे. पण सगळ्यांना सारखा नियम प्रौढ खेळाडूंना जास्त जाचतो, कारण त्यांच्या दुखापती भरायला वेळ लागतो आणि त्यांच्या शरीराला वर्षातून एकदाच शिखर गाठायचं असतं. एका ठराविक दिवशी ठणठणीत असणं हीच निवडीची अट असेल तर ती अट आपोआप १६ वर्षांच्या मुलींच्या बाजूने झुकते. दुसरी चाचणी, वैद्यकीय तपासणीनंतर, सगळ्यांसाठी खुली ठेवता आली असती.

आता मर्यादेच्या बाजूने असलेल्यांकडे वळू. त्यांचा हेतू चांगला आहे, पण अनुभव त्यांच्या बाजूने नाही. मर्यादा १९८१मध्ये १४ वरून १५ झाली, १९९७पासून १६. काय घडलं? २००० साली सिडनीत ऑल-अराउंड स्पर्धा जिंकली आंद्रेया राडुकानने, वय १६ (औषधातल्या प्रतिबंधित घटकामुळे तिचं पदक नंतर काढून घेण्यात आलं). २००४मध्ये कार्ली पॅटरसन, १६. २०१२मध्ये गॅबी डग्लस, १६. मुली रेषेला टेकूनच उभ्या राहिल्या. तयारीचं वेळापत्रक तेच राहिलं, फक्त एक वर्ष पुढे सरकलं. ज्या देशांना घाई होती त्यांनी वयाचे दाखलेच बदलले. चीनच्या एका खेळाडूचं वय खोटं निघाल्यामुळे सिडनीतलं त्यांचं सांघिक कांस्य २०१०मध्ये काढून घ्यावं लागलं. मर्यादा १८ केली आणि बाकी काही केलं नाही, तर १२ ते १८ ही सहा वर्षं मुलगी मोठ्या प्रकाशझोताबाहेर, पण त्याच सरावात, त्याच वजनकाट्यावर काढेल. प्रकाशझोत नसताना गैरवागणूक कमी होते की जास्त?

अठरा पूर्ण झाले की मुलगी स्वतःचं रक्षण करू शकते, हेही गृहीत धरू नये. २०१८मध्ये जपानमध्ये एका प्रशिक्षकावर खेळाडूला मारल्याबद्दल कारवाई झाली. ती खेळाडू तेव्हा १८ वर्षांची होती, ऑलिम्पिक खेळलेली होती, आणि तिने पत्रकार परिषद घेऊन मारहाण झाल्याचं मान्य करत त्याच प्रशिक्षकासाठी दयेची मागणी केली. लहानपणापासून एकाच माणसाच्या शब्दावर जगलेल्या मुलीला जन्मतारीख मोठी करत नाही. तिला मोठं करतो तो आजूबाजूचा अनुभव : वरच्या वयाच्या खेळाडू, ज्या ‘आज नको, पाय दुखतोय’ असं म्हणतात आणि तरीही संघात राहतात. १५ वर्षांच्या मुलीला हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला मिळावं लागतं.

म्हणूनच मुराकामीच्याच टोकियो संघातल्या आइको सुगिहाराचं पुढचं वागणं मला महत्त्वाचं वाटतं. १९९९ची ही ओसाकाकडची मुलगी रिओ आणि टोकियो दोन्ही खेळली, २०२२मध्ये थांबली, पुढच्या वर्षी परतली. दरम्यान तिने स्वतःची कंपनी काढली आणि मांड्यांच्या वरचा भाग झाकणारा ‘आइटार्ड’ नावाचा पोशाख तयार केला. जपानमध्ये महिला जिम्नॅस्टची अश्लील हेतूने छायाचित्रं काढण्याचा त्रास कित्येक वर्षांचा आहे, आणि नेहमीच्या लिओटार्डमध्ये पाळीच्या दिवसांत होणारी कुचंबणा वेगळीच. ‘मला हे घालायचं नाही, मी दुसरं घालीन’ असं म्हणायला खेळाडू प्रौढ असावी लागते. तिच्यामुळे आता १३ वर्षांच्या मुलीलाही तो पर्याय मिळतो. २०२५मध्ये जकार्ताच्या जागतिक स्पर्धेत सुगिहाराने फ्लोअरवर सुवर्ण आणि बीमवर कांस्य घेतलं, २६ व्या वर्षी. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसला गेलेल्या जपानी संघात एकही खेळाडू २० वर्षांची नव्हती आणि तो संघ अंतिम फेरीत आठवा आला. शेवटच्या क्षणी एक खेळाडू कमी झाल्याने चौघींनाच खेळावं लागलं, त्यामुळे या एका निकालावरून फार काही सिद्ध करू नये. पण निवड करणाऱ्यांना विचार करायला लावणारी ही तुलना आहे खास.

आपल्याकडे हा वाद परका वाटत असेल तर दीपा कर्माकर आठवावी. रिओत व्हॉल्टवर चौथी, नंतर दुखापती, नंतर बंदीचा काळ, आणि मे २०२४मध्ये ताश्कंदच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ३० व्या वर्षी व्हॉल्टचं सुवर्ण. काही महिन्यांत तिने निवृत्ती घेतली. ते सुवर्ण मिळेपर्यंत तिला टिकवून धरायला आपल्या व्यवस्थेने किती हात लावला? महाराष्ट्रात पाच-सहा वर्षांच्या मुलींना जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांबाच्या वर्गाला घालणारे पालक भरपूर आहेत. त्यातल्या बहुतेक मुलींचा वर्ग नववी-दहावीला सुटतो. दहावीच्या परीक्षेत खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, पण तिथे हिशेब मिटतो. अकरावीनंतर सकाळी सहाला हॉल उघडा मिळेल, फोमचा खड्डा असेल आणि प्रशिक्षक ताकदीच्या सरावासाठी आठवड्याचे दोन दिवस राखून ठेवेल, अशी महाविद्यालयं शोधावी लागतात.

मर्यादा बदलण्याचा ठराव एका बैठकीत होतो आणि त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. मुराकामीसारख्या कारकिर्दीला लागणाऱ्या गोष्टी महाग आणि कंटाळवाण्या आहेत : विद्यापीठ पातळीवरचे संघ आणि त्यांच्या स्पर्धा, विशीतल्या खेळाडूला मासिक वेतन, वाढीच्या वर्षांत कठिणता कमी ठेवणाऱ्या कनिष्ठ गटाच्या नियमावल्या, प्रत्येक क्लबमध्ये उंचीची आणि पाळीची गोपनीय नोंद ठेवणारी महिला डॉक्टर, वजनाच्या जाहीर नोंदीला बंदी, आणि दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूसाठी निवडीची दुसरी तारीख, जी हंगामाच्या सुरुवातीलाच छापलेली असेल. या यादीतली शेवटची गोष्ट तर फुकट आहे. ती आपल्या राज्य संघटनेलाही पुढच्या हंगामापासून करता येईल.